वार्ता, अर्थ आणि मागणी

अर्थशास्त्राचे एक जुने नाव ‘वार्ता’. कौटिल्याने आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता आणि दंडनीती अशा चार विद्या मानल्या आणि वार्तेत शेती, पशुपालन व व्यापार घातले. शब्दाचे मूळ ‘वृत्ति’, म्हणजे उपजीविका, आणि त्याच्याही मागे ‘वृत्’ हा असणे, वळणे, घडणे या अर्थांचा धातू. जे घडले ते वृत्त, ज्यावर जगायचे ती वृत्ती. मराठीत वार्तेकडे घडल्याची बातमी राहिली आणि पोटापाण्याचा अर्थ मागे पडला. तो वृत्तिदारांच्या वृत्तीत टिकला, आणि आजच्या ‘शिष्यवृत्ती’त तर धडधाकट आहे.

मग ‘अर्थशास्त्र’ हे नाव रूढ झाले कसे? ते सरळ कौटिल्याच्या ग्रंथावरून आले असावे, असे सहज वाटते. पण कालक्रम आड येतो. त्या ग्रंथाची पोथी संस्कृत पंडित शामशास्त्रींच्या हाती म्हैसूरला 1905 मध्ये आली आणि छापील ग्रंथ 1909 मध्ये निघाला. मराठीत मात्र कृष्णशास्त्री चिपळूणकरांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ 1855 चीच आहे. त्याआधी लोकहितवादींनी ‘लक्ष्मीज्ञान’ (1849) म्हणून पाहिले होते. 1854 मध्ये ‘देशव्यवहारव्यवस्था’ असेही नाव पुढे आले होते. हे दुसरे नाव ‘पोलिटिकल इकॉनॉमी’चा एकेक अवयव मोजून घडवलेले दिसते. कृष्णशास्त्र्यांना ‘अर्थशास्त्र’ हा शब्द कोशपरंपरेतून मिळाला असावा. अमरकोशात तो दंडनीतीच्या जोडीने येतो, म्हणजे तिथे त्याचा रोख राज्यकारभारावर आहे. राजाचे शास्त्र बाजाराचे झाले ते या वळणावर. हेच कृष्णशास्त्री पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य झाले. अर्थशास्त्राची परिभाषा घडवणे आणि शिक्षक घडवणे ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे आली होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्या परिभाषेच्या घरात फार्सी-अरबी मंडळी आधीपासून नांदत होती. बाजार फार्सी, नफा, किंमत, दलाल मूळचे अरबी. शेजारी संस्कृत ‘व्याज’ आहे, आणि त्याचा मूळ अर्थ कपट, बहाणा! मुद्दलाच्या निमित्ताने घेतलेली ती जादा रक्कम, असा काहीसा अर्थप्रवास असावा. ‘भांडवल’ हे ‘भाण्डमूल्य’, म्हणजे विक्रीच्या मालात गुंतलेला पैसा, यापासून आलेले दिसते.

ही परिभाषा वर्गात नेणारे शिक्षक जिथे घडतात, त्या बी.एड.कडे आता वळू. ‘शिक्ष्’ हे ‘शक्’ धातूचे इच्छादर्शक रूप मानतात. तेव्हा शिकणे म्हणजे ‘आपल्याला जमावे’ अशी इच्छा धरणे. हिंदीने ‘शिक्षा’ विद्येसाठी ठेवली, मराठीने ती दंडासाठी वापरली. ‘चांगला धडा शिकवला’ या बोलण्यात तो सांधा अजून दिसतो. ‘तालीम’ही अशीच वळली. मूळ अरबी, ‘इल्म’च्या कुळातली, अर्थ शिकवणे, मराठीत ती पहिलवानांच्या आखाड्यात आणि नाटकाच्या सरावात रमली. 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी ‘नई तालीम’ मांडली, तेव्हा शब्द पुन्हा शाळेत आला.

बी.एड.चा विद्यार्थी ‘छात्राध्यापक’. गुरू हे छत्र, त्याच्या आश्रयाला राहतो तो छात्र, असे ‘महाभाष्य’ या व्याकरणग्रंथावरून दिसते. ‘काशिका’ या व्याकरणटीकेचे कर्ते म्हणतात, गुरूची छिद्रे झाकतो तो छात्र. सराव पाठाच्या दिवशी वर्गासमोर उभ्या राहिलेल्या छात्राध्यापकाला दोन्ही अर्थ लागू पडावेत. त्याच्या हातात असते ‘पाठ टाचण’: उद्दिष्टे, शिक्षककृती, विद्यार्थिकृती, फलकलेखन असे रकाने आखलेला कागद. टाचणे म्हणजे सैल टाके घालून तात्पुरते जोडणे. पक्की शिलाई वर्गात व्हायची, हे या शब्दाने नेमके ओळखले आहे.

एका विषयाचे नावच पाहा: ‘अर्थशास्त्र अध्यापन पद्धती’. ‘पद्धति’ म्हणजे पद् अधिक हति, पायांनी तुडवून झालेली वाट. ग्रीक ‘मेथड’च्या पोटातही वाटच आहे. संस्कृतात ‘पदवी’ म्हणजेही वाट, आणि ‘डिग्री’च्या लॅटिन मुळात पायरी. ‘अभ्यासक्रमा’तला क्रम हे पाऊल, तर ‘कोर्स’च्या मुळाशी धावणे. हे भाषांतरातून आलेले साम्य नसावे. शिकणे म्हणजे चालणे, हे या सगळ्यांना स्वतंत्रपणेच सुचलेले दिसते. ‘अध्ययन’मधला धातूही ‘इ’, म्हणजे जाणे. तेव्हा अध्यापक म्हणजे चालायला लावणारा.

उरला ‘अर्थ’. काही जण तोही ‘ऋ’, जाणे, या धातूकडे नेतात. माझा कल ‘अर्थ्’कडे, म्हणजे मागणे, इच्छिणे याकडे आहे, आणि पुरावा रोजच्या वापरातला: विद्या मागतो तो विद्यार्थी. अर्थशास्त्राचा तास ‘मागणी’पासून सुरू करणाऱ्या शिक्षकाने ही व्युत्पत्ती मुलांना अवश्य सांगावी. मागणीची व्याख्या फळ्यावर येण्याआधीच वर्गातला प्रत्येक जण नावाने मागणीदार ठरलेला असतो.