वाटाण्यापासून व्हॉल्व्ह ट्यूबपर्यंत

काड्या जोडून घन, पिरॅमिड, पूल करायचा खेळ जुना आहे. त्यातली काडी फारशी बदलली नाही. सांधा मात्र बदलत गेला, आणि मुलांना काय कळणार हे बरंचसं त्यानेच ठरवलं.

बालवाडीचा जनक फ्रीड्रिश फ्रोबेल तरुणपणी बर्लिनमध्ये ख्रिस्टियन वाइस या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली खनिजांच्या संग्रहावर काम करत होता. तेव्हा स्फटिकांचे आकार लाकडी नमुन्यांवरून शिकवत. नमुना तयारच असायचा, फक्त हातात फिरवून बघायचा. फ्रोबेलने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्गला लहान मुलांची संस्था काढली. त्याच्या पद्धतीत भिजवलेले वाटाणे आणि टोकदार काड्या आल्या आणि घनाचे कोपरे मूल स्वतः जुळवू लागलं. वाटाणा वाळताना आक्रसतो, काडीला घट्ट धरतो. ओला असेपर्यंत मात्र तो जरा दबतो, आणि तेवढ्यात पुष्कळ काही कळतं. अमेरिकेत बकमिन्स्टर फुलर या मुलाची नजर फार अधू होती. बालवाडीत इतरांनी वाटाणे आणि काड्या जोडून डोळ्यांनी पाहिलेल्या घरांसारखे चौकोनी सांगाडे केले. तो चाचपत गेला, आणि त्याच्या बोटांना त्रिकोणच पक्का लागला. पुढे अभियंता म्हणून त्याने त्रिकोणांनी विणलेल्या सांगाड्याचं पेटंट घेतलं.

मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ पासून गावच्या शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम चालू होता. टेल्को कंपनीतले अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन तिथे गेले. त्यांनी सांध्यासाठी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी, वापरली. ती कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळते. तिचा बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडा कापायचा, काडेपेटीच्या काड्यांचा गुल खरवडून टाकायचा आणि दोन्ही टोकांतून एकेक काडी सारायची. तिसरी काडी हवी तर सुईने मधोमध भोक पाडायचं. रबर काडी घट्ट धरतं, पण कोन मोकळा सोडतं. म्हणून चौकोन केला की तो बोटाने ढकलताच कलंडून समभुज चौकोन होतो. त्रिकोण हलत नाही. चौकोनात कर्णाची तिरकी काडी घातली की तोही ताठ. छपराच्या कैचीत तिरके दांडे का असतात, हे इथे कोणी सांगावं लागत नाही.

आता शाळेत तेच सांगाडे प्लॅस्टिकच्या तयार गोळ्यांनी करतात. त्यांतली भोकं ठरलेल्या कोनात असतात. रेणूंच्या धड्याला त्या गोळ्या योग्यच आहेत, कारण तिथे कोन पक्काच हवा. पुलाच्या धड्याला मात्र त्याच वापरणं मला पटत नाही. त्यांचा चौकोन कलंडतच नाही, मग तिरक्या काडीची गरज मुलाला कशी पटणार?