सोमवार पहिला की दुसरा?

१५ ऑगस्ट १९४७ रोजी शुक्रवार होता. तरीही संगणकाच्या पडद्यावरील दिनदर्शिकेत ही तारीख शनिवारच्या रकान्यात दिसू शकते. गंमत अशी, की अशा वेळी संगणकाने वार बरोबरच काढलेला असतो. आठवडा कोठून सुरू होतो, याबद्दल गोंधळ झालेला असतो. आणि हा गोंधळ संगणकाहून पुष्कळ जुना आहे.

ज्यू परंपरेत शनिवार हा सातवा, विश्रांतीचा दिवस. म्हणून रविवार पहिला. पोर्तुगीज भाषेत सोमवारला ‘सेगुंदा-फेइरा’ म्हणतात, त्यात ‘दुसरा’ हा अर्थ आहे. फारसीत रविवार म्हणजे ‘यकशंबे’, त्यातही ‘एक’ आहेच. उलट रशियन भाषेत ‘दुसरा’ या अर्थाचे नाव, ‘व्तोर्निक’, मंगळवारला मिळाले आहे. आपल्या वारांची नावे ग्रहांवरून पडली, त्यामुळे हा वाद नावात शिरला नाही. (अर्थात सात दिवसांना ‘आठवडा’ म्हणणाऱ्यांनी मोजणीबाबत फार सोवळे राहू नये!)

अमेरिकेत आठवडा रविवारपासून मांडण्याची रीत आहे. तेथेच वाढलेल्या ‘सी’ या संगणकभाषेत वारांना ० ते ६ असे क्रमांक आहेत आणि ० म्हणजे रविवार. १९८९च्या अमेरिकी प्रमाणात हीच पद्धत नोंदली गेली. पण आदल्याच वर्षी, १९८८ मध्ये, आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने सोमवारला १ आणि रविवारला ७ हा क्रमांक दिला होता. ‘जावा’ भाषेने तर दोन्ही पद्धती पाळल्या! तिच्या १९९७च्या कॅलेंडरात १ म्हणजे रविवार, तर २०१४च्या नव्या रचनेत १ म्हणजे सोमवार.

आता ऑगस्ट १९४७ चे पान मांडून पाहू. १ तारखेला शुक्रवार, म्हणजे ‘सी’च्या मोजणीने ५. रविवारपासून पान मांडले तर आधी पाच चौकटी रिकाम्या सोडाव्या लागतात. युरोपातील ग्राहकासाठी कोणी मथळा बदलून ‘सोम, मंगळ, बुध...’ असा केला, पण रिकाम्या चौकटी पाचच ठेवल्या, तर १ तारीख शनिवारखाली जाते आणि पंधरावीही. वास्तविक पाचातून एक वजा करायला हवा होता.

लिनक्समधील गुंता आणखी सूक्ष्म होता. तेथे प्रत्येक प्रदेशाच्या रिवाजांची एक धारिका, म्हणजे ‘लोकेल’, असते. मोजणीचा आरंभ सांगण्यासाठी तीत एक तारीख लिहितात: ३० नोव्हेंबर १९९७ (रविवार) किंवा १ डिसेंबर १९९७ (सोमवार). शिवाय, त्या आरंभापासून कितवा वार पहिला दाखवायचा, तो आकडा वेगळा. धारिकेत सोमवारची तारीख आणि ‘२’ हा आकडा असेल, तर तारीख न वाचता रविवार गृहीत धरणारा प्रोग्राम सोमवारपासून पान मांडतो. नियम काटेकोर पाळणारा मात्र मंगळवारपासून! एकाच यंत्रावर दोन दिनदर्शिका वेगळ्या दिसण्यामागे असे कारण असू शकते.

हा प्रश्न भाषेचा नाही, प्रदेशाचा आहे. इंग्रजी ब्रिटनचीही आणि अमेरिकेचीही, पण आठवड्याची सुरुवात भिन्न. म्हणून युनिकोड कन्सॉर्शियमने २००४ मध्ये हाती घेतलेल्या सामायिक माहितीकोशात पहिला वार देशानुसार नोंदवतात: भारतासाठी रविवार, ब्रिटनसाठी सोमवार, इराणसाठी शनिवार, मालदीवसाठी तर शुक्रवार. मथळा आणि रिकाम्या चौकटी दोन्ही याच एका नोंदीवरून काढल्या, की त्या एकमेकांना सोडून जात नाहीत.

एक खाचखळगा मात्र उरतो. ऑगस्ट १९४८ ची १ तारीख रविवारी आली. सोमवारपासून पान मांडताना ० वजा १, म्हणजे उणे १ चौकट रिकामी! उणे चौकटी काढता येत नाहीत, म्हणून काही प्रोग्राम एकही सोडत नाहीत आणि रविवारची तारीख सोमवारखाली छापतात. वजाबाकीत ७ मिळवून, मग ७ ने भागून बाकी घेतली, की उत्तर ६ येते. विद्यार्थ्यांना चौकटीचा कागद देऊन हे पान मुद्दाम मांडायला सांगावे. ऑगस्ट १९४७ च्या पानावर ही चूक सापडत नाही.