कॉलेजसाठी लॅपटॉप घेताय? स्क्रीन ग्लॉसी हवी की मॅट?

दुकानात पूर्ण ब्राइटनेसवर रंगीबेरंगी व्हिडिओ चालू असतो, त्यामुळे ग्लॉसी स्क्रीनच भारी वाटते. तिचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, म्हणून रंग उठावदार दिसतात. पण ट्यूबलाइट, खिडकी आणि तुमचा चेहराही त्यात दिसतो. मॅट स्क्रीनचा सूक्ष्म खडबडीत थर प्रकाश विखुरतो. प्रतिबिंब पुसट होतं, रंग मात्र जरा फिके वाटतात.

वर्गात किंवा लायब्ररीत जागा आपल्या मर्जीची मिळतेच असं नाही. त्यामुळे नोट्स, कोडिंग, असाइनमेंट असं काम असेल तर मॅटच घ्या. रात्री खोलीत सिनेमे बघायचे असतील तर ग्लॉसी चालेल. टचस्क्रीन हवी असेल, तर ती बहुतेक वेळा ग्लॉसीच मिळते. ब्राइटनेस २५० निट्स असेल तर उजेडात मॅटवरही डोळे ताणावे लागतात. ३०० किंवा जास्त बघा.

पैसे देण्याआधी लॅपटॉप बंद करून दिव्याखाली धरा. काळ्या स्क्रीनवर काय दिसतं ते बघा.