राज्य बदलले, किंमत कोणी मोजली?

शेजारच्या देशात जुलमी राजवट आहे, ती आपल्याशीही वैर धरून आहे. मग ती उलथवायला आपण हातभार लावावा काय? जगाच्या राजकारणात हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. मराठवाड्याला मात्र तो परका नाही. १९४८ साली तो 'शेजारचा देश' आपणच होतो.

पैठण तालुक्यातल्या आमच्या चितेगावाहून दक्षिणेला निघाले की गोदावरी लागते. आज तिथे नाथसागर पसरला आहे. तेव्हा नदीच्या अलीकडे निजामाची हद्द होती आणि पलीकडे नगर जिल्हा, म्हणजे स्वतंत्र भारत. दोन्ही काठांवर बोली एकच, राज्ये मात्र दोन.

भारत सरकारने २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजामाशी एक वर्षाचा 'जैसे थे' करार केला. पण तणाव निवळला नाही. कासिम रझवीच्या रझाकारांनी गावे लुटली, जाळली. निजामाने तक्रार थेट संयुक्त राष्ट्रांकडे नेली.

अशा राजवटीविरुद्ध उभे राहणे योग्य होते काय? माझे उत्तर 'होय' असेच आहे. कारण ही मागणी आधी आतून उठली होती. १९३८ साली स्टेट काँग्रेसवर तिचे काम सुरू होण्याआधीच बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले, कार्यकर्त्यांनी सरहद्दीवर कॅम्प उभारले. आणि हा लढा केवळ हिंदूंचा नव्हता. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहीत राहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. मुक्तिसंग्रामात आमचा वाटा काय, असे कोणी विचारले, तर मी हे नाव सांगतो.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद राज्यात शिरल्या. दुसऱ्याच दिवशी औरंगाबाद हाती आले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. पाच दिवसांत राज्य बदलले. आपण दरवर्षी हा दिवस साजरा करतो, आणि तो करावाच.

पण इतिहास १७ तारखेला थांबत नाही. त्यानंतरच्या दिवसांत सूडाची लाट उठली. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीसाठी पाठवले. मृतांची संख्या निदान २७ ते ४० हजार असावी, असा त्यांच्या समितीचा अंदाज होता. यात बहुसंख्य मुसलमान होते. उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या जिल्ह्यांना मोठी झळ पोहोचली. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. याच अहवालात आणखी एक गोष्ट नोंदली आहे. अनेक ठिकाणी हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना आसरा दिला.

आता हिशेब मांडून पाहा. निजाम १९५० साली राजप्रमुख झाले. पंतप्रधान लायक अली नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात पोहोचले. रझवीही शिक्षा भोगून १९५७ साली तिकडेच गेला. आणि ज्यांचा दरबाराशी काडीचा संबंध नव्हता, अशी गावखेड्यातली माणसे मात्र जिवाला मुकली.

इराकमध्ये २००३ साली तेच दिसले. सद्दामची सत्ता काही आठवड्यांत कोसळली, पण त्यानंतरचा रक्तपात वर्षानुवर्षे चालला.

म्हणून शेजारच्या राजवटीबद्दल मत देण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. बदलाची हाक तिथल्या लोकांचीच आहे काय? आणि सत्ता कोसळल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, तिथल्या निरपराध माणसाच्या दारात पहारा कोण देणार आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मराठवाड्याने ठामपणे दिले होते. दुसरा प्रश्न मात्र वेळेवर विचारला गेला नाही. राजवट आणि रयत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला कळते त्यानेच शेजाऱ्याच्या मुक्तीची भाषा बोलावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)