खाल्लेलं चालतं, म्हणून लावलेलं चालेल?

पनवेलच्या मासळी बाजारातून आणलेल्या चिंबोरीच्या नांग्या मोडल्या की बोटांवर पाणचट द्रव ओघळतो. ते तिचं रक्त. हवा लागली की त्यावर निळसर झाक येते, कारण त्यातल्या हिमोसायनिनमध्ये लोह नसून तांबं असतं. अशा कवचधारी प्राण्यांच्या रक्ताचा अर्क त्वचा मऊ राखतो, असं आता सांगितलं जातं. समर्थनाला दोन गोष्टी पुढे केल्या जातात: निळं रक्त लाखमोलाचं, आणि जे पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं ते कातडीला कशाला बाधेल?

पहिली गोष्ट झटकन निकालात निघते. लाखमोलाचं रक्त हॉर्सशू क्रॅबचं. तो नावापुरता खेकडा. नातं त्याचं कोळी-विंचवांशी. जिवाणूंचं विष लागताच त्याचं रक्त गोठतं, म्हणून इंजेक्शनांत ते विष नाही ना हे तपासायला ते वापरतात. चेहऱ्याशी त्याचा काही संबंध नाही.

दुसरी गोष्ट गंभीर आहे, कारण ती पटण्यासारखी वाटते. चिंबोरीच्या हिमोसायनिनचा सहा घटकांचा रेणू सुमारे साडेचार लाख डाल्टनचा असतो. साधारण 500 डाल्टनहून मोठा रेणू निरोगी त्वचेतून आत जात नाही, असा नियम बॉस आणि माइनार्डी यांनी 2000 साली मांडला. म्हणजे अर्क त्वचेच्या वरच राहणार. तिथे त्याचा पातळ थर बसून ओलावा टिकेल, हे मला मान्य आहे. पण तेवढं काम साधं ग्लिसरीनही करतं.

मग निरुपद्रवी तरी म्हणावं? तेही नाही. पुटकुळ्या, इसब, दाढीचे ओरखडे, साबणाने कोरडी पडलेली कातडी असा चेहरा अखंड नसतो. पोटातून गेलेल्या प्रथिनाला शरीर अन्न म्हणून ओळखायला शिकतं. तेच प्रथिन फाटक्या कातडीतून शिरलं तर शरीर त्याला शत्रू ठरवू शकतं. प्रथिनाचे बारीक तुकडे केले की धोका टळतो, हा बचावही टिकत नाही. जपानमध्ये गव्हाच्या विघटित प्रथिनाचा चेहऱ्याचा साबण निघाला होता. तो वापरणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली. पोळी-पाव खाल्ल्यावर अंगावर गांधी उठू लागल्या, काहींचा श्वास कोंडला. 2011 साली तो साबण बाजारातून परत घ्यावा लागला. गहू तर तिथे रोज खाल्ला जात होता!

हिमोसायनिन आणि आर्जिनीन कायनेज ही कोळंबी-खेकड्यांतली नोंदलेली ॲलर्जीकारक प्रथिनं आहेत. ती चेहऱ्यावर चोळून उद्या चिंबोरीचा रस्सा आणि कोळंबीचं कालवण कायमचं सोडावं लागलं, तर पनवेलच्या आगरी-कोळी घराने काय कमावलं? भारतात खाद्यपदार्थांच्या पाकिटावर कवचधारी जलचरांची सूचना छापणं 2020 च्या नियमांनी सक्तीचं केलं. तशीच सूचना, मराठीत आणि ठळक, अशा अर्काच्या क्रीमच्या डबीवरही छापलीच पाहिजे.