अराफातचे ऊन

हजच्या गोष्टी सांगताना आमच्याकडची बुजुर्ग मंडळी नहर-ए-जुबैदाचा उल्लेख हमखास करीत. खलीफा हारून रशीद यांची बेगम जुबैदा हिने सुमारे बाराशे वर्षांपूर्वी डोंगरातून मक्का आणि अराफातपर्यंत पाणी आणवले. तिच्या सखावतीचे आपण कौतुक करतो, पण या नहरीची गरज का पडली हे विचारीत नाही. त्या रखरखीत मुलखात तहानेने आणि उन्हाने हाजींचे हाल होत, म्हणून. हजचा इतिहास हा इबादतीचा इतिहास आहे तसा उन्हाशी झगडण्याचाही आहे. आपल्या मराठी लेखनात ही बाजू फारशी आलेली नाही.

चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते. त्यामुळे जिल्हज महिना साधारण 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. 1985 साली हज ऐन ऑगस्टमध्ये आली आणि उष्णतेने हजाराहून अधिक यात्रेकरू दगावले.

ऊन माणसाला मारते कसे? हवा त्वचेपेक्षा तापली की शरीर थंड ठेवायला घामाचाच आधार उरतो. त्यातून पाणी कमी पडले, चाल लांबली, वय झालेले असले किंवा मधुमेह, हृदयविकार असला की हा आधारही सुटतो. शरीराचे तापमान 40 अंशांच्या वर जाते, माणूस बरळू लागतो, बेशुद्ध पडतो. सोबतच्यांना वाटते, थकून झोपला.

अशा रुग्णांसाठी एक उपचार खुद्द मक्केच्या नावाने ओळखला जातो. 1980 साली वायनर आणि मुस्तफा खोगली या दोन शास्त्रज्ञांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. (हे वायनर म्हणजे पिल्टडाउन येथील बनावट आदिमानवाचे बिंग फोडणाऱ्यांपैकी एक.) रुग्णाला जाळीच्या खाटेवर निजवायचे, अंगावर पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि वरून चक्क गरम हवा सोडायची. वाचणारा चक्रावतो. पण अंग एकदम गारठले तर त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते आणि आतली उष्णता आतच राहते. त्वचा उबदार ठेवून पाणी वाफेवर उडवले की तीच वाफ उष्णता घेऊन जाते. आपला माठ याच न्यायाने पाणी गार करतो. धट्टाकट्टा माणूस श्रमाने कोसळला तर त्याला बर्फाच्या पाण्यात बुडवणे अधिक परिणामकारक, असे आजचे वैद्यक मानते. वृद्ध हाजीसाठी मात्र फवारा आणि वारा हा मार्ग आजही टिकून आहे.

पुढे मिनात अग्निरोधक, वातानुकूलित तंबू आले, वाटांवर पाण्याचे फवारे आले. तरीही जून 2024 मध्ये मक्केचा पारा 51.8 अंशांवर गेला आणि 1,301 माणसे गेली. सौदी सरकारने सांगितले की त्यांतील 83 टक्के लोक परवान्याविना आलेले होते. म्हणजे तंबू होते, बसगाड्या होत्या, पण त्या त्यांच्यासाठी नव्हत्या. ही माणसे उन्हात मैलोन् मैल पायी चालली. अधिकृत हजचा खर्च झेपत नाही, म्हणून कोणा दलालाच्या भरवशावर आयुष्यभराची पुंजी लावून आलेले गरीबही त्यांत होते. इजिप्त सरकारने नंतर 16 पर्यटन कंपन्यांचे परवाने रद्द केले. आमच्या मते त्या वर्षी उन्हाइतकाच या व्यवहारानेही घात केला.

पण आपल्याकडे हे कोणी बोलत नाही. हजमध्ये मौत आली की ‘नशीबवान होते, पाक जमिनीत माती मिळाली’ असे म्हणतात. घरच्यांना त्याने धीर येतो, ते आम्ही नाकारीत नाही. मात्र त्याच वाक्याखाली दलाल सुटतो, तयारी न करून घेणारेही सुटतात. उन्हात उभे राहण्याचा नवस केलेल्या एका माणसाला प्रेषितांनी (स.) सावलीत बसायला लावले आणि त्याचा रोजा मात्र पूर्ण करू दिला, हे हदीसमध्ये आहे. अखेरच्या हजमध्ये जमरात येथे खुद्द प्रेषितांवर (स.) ऊन पडू नये म्हणून, उसामा आणि बिलाल (र.) सोबत असता, त्यांच्यापैकी एकाने कापड धरले होते. सावली घेण्याने सवाब घटतो ही समजूत मग कुठून आली?

विदर्भातला माणूस मे महिन्यात डोक्याला, कानाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. तोच माणूस एहराममध्ये उघड्या डोक्याने निघतो. डोक्याला कापड गुंडाळायला मनाई आहे, छत्रीला नाही. तरी कित्येक हाजी छत्री बॅगेतच ठेवतात. हजच्या शिबिरांत दुआ घोटून घेतल्या जातात, त्यासोबत एवढे सांगायला कितीसा वेळ लागतो?

2026 पासून हज हळूहळू मेकडे, मग आणखी मागे सरकते आहे. पुन्हा भर उन्हाळ्यात ती 2050 च्या सुमारास येईल, तीही आजच्याहून तापलेल्या जगात. 2047 ते 2052 ही वर्षे विशेष धोक्याची असतील, असा अमेरिकेतील संशोधकांचा अंदाज आहे. आज आमच्या वर्गात सातवीत बसलेली मुले तेव्हा म्हाताऱ्या आईबापांना घेऊन हजला निघालेली असतील.