काडेपेटी

परवा शनिवारी सकाळी ताईचा लातूरहून फोन. भाचा बारावीला आहे, नीटची तयारी चालू आहे. "तू जरा समजाव त्याला. लागोपाठ दोन टेस्टमध्ये मार्क पडले. रात्री अभ्यासाच्या नावाखाली कानात इअरफोन घालून गाणी ऐकत बसतो."

मी मामाच्या भूमिकेत शिरून त्याला मेसेज टाकला : कुठली गाणी ऐकतोस रे? दोन मिनिटांत एक लिंक आली आणि खाली एक ओळ, "मामा, हे गाणं लातूरवर लिहिलंय. ऐक."

गाणं होतं माल्विना रेनॉल्ड्सचं 'लिटल बॉक्सेस'. आता गंमत बघा, हेच गाणं मी त्याच्या जन्माच्या आधी, 2006च्या आसपास, असंच कुणाला तरी असंच फॉरवर्ड केलं होतं. तेव्हा 'वीड्स' नावाची अमेरिकन मालिका आमच्या ऑफिसातली पोरं हार्ड डिस्कवरून हार्ड डिस्कवर फिरवत होती. तिचं हे शीर्षकगीत. पुढच्या सीझन्समध्ये तर दर भागात वेगळ्या गायकाच्या आवाजात यायचं. सगळं एकसारखं झाल्याबद्दलचं गाणं, आणि दर वेळी आवाज वेगळा!

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. टेकडीवर छोट्या छोट्या खोक्यांसारखी घरं आहेत. रंग वेगळे, पण माल तोच, आकार तोच. त्यांत राहणारी माणसं विद्यापीठात जातात, तिथेही खोक्यांत भरली जातात आणि बाहेर पडताना सगळी सारखीच : डॉक्टर, वकील, कंपनीतले साहेब. त्यांची मुलंही पुढे त्याच वाटेने. चाल बालगीताची, त्यामुळे टोमणा जास्तच लागतो.

घरं आणि कॉलेज, एकाच गाण्यात. लातूरच्या माणसाला हे आपल्यावरच लिहिलंय असं वाटलं तर नवल नाही. कारण लातूरने ही दोन्ही खोकी बघितली आहेत, आणि तीही एकाच दशकात.

आधी घरांचं सांगतो.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यात मिळून सुमारे आठ ते दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा सहावीत होतो. किल्लारीजवळच्या एका गावात माझी आत्या दिली होती. ती, तिचा नवरा आणि थोरला मुलगा वाचले. धाकटा नाही.

आकडा एवढा मोठा का, ह्याचं उत्तर घरांत आहे. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दोन-तीन फूट जाडीच्या, दगड आणि मातीच्या भिंती. वर लाकडावर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारेगार. दर एक-दोन वर्षांनी गळू नये म्हणून वर मातीचा नवा थर, म्हणजे डोक्यावरचं ओझं पिढ्यान् पिढ्या वाढत गेलेलं. भिंतीतल्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना एकमेकांत धरून ठेवणारं काही नाही. जमीन हलली, भिंती दोन्हीकडे फुटल्या, माळवद खाली आलं.

नंतर जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झालं. 52 गावं पूर्णपणे दुसऱ्या जागी वसवली गेली. सरळ रेषेत रस्ते, रांगेत घरं. भूमिहीन किंवा एक हेक्टरपर्यंत जमीन असेल तर 250 चौरस फुटांचं घर, एक ते सात हेक्टरवाल्याला 400, त्यावर 750. खोकी, पण तीन मापांची!

मी इंजिनिअरिंगला असताना एकदा सुट्टीत आत्याकडे गेलो. नुकतीच चार इंग्रजी पुस्तकं वाचलेली, त्यामुळे मतं भरपूर. म्हटलं, "आत्या, हे काय घर आहे? काडेपेटी आहे नुसती. सगळ्यांच्या सारख्याच."

आत्या भाकरी थापत होती. वर न बघताच म्हणाली, "काडेपेटी अंगावर पडली तर माणूस मरत नाही, बाबा."

पुढे 'लिटल बॉक्सेस' ऐकलं तेव्हा मला आत्याचं हे वाक्य आठवायला हवं होतं. नाही आठवलं. मी गाणं फॉरवर्ड करून मोकळा झालो.

हे असं का होतं, त्याचं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी सापडलं, तेही नांदेडच्या एका माणसामुळे. नरहर कुरुंदकर (1932-1982). नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य, आणि मराठीतला एक मोठा विचारवंत. त्यांचं 'रिचर्ड्सची कलामीमांसा' नावाचं पुस्तक आहे. त्या निमित्ताने हा रिचर्ड्स कोण म्हणून शोधलं. आय. ए. रिचर्ड्स हे केंब्रिजचे प्राध्यापक. त्यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि काय वाटतं ते लिहून द्या म्हणाले. 1929 साली त्यावर पुस्तक लिहिलं. निष्कर्ष फार सुखावणारे नव्हते. भलीभली हुशार मुलं समोरची कविता वाचतच नाहीत. त्यातला एखादा ओळखीचा शब्द दिसला की मनात आधीपासून तयार असलेली प्रतिक्रिया उचलून ठेवतात. रेडिमेड.

म्हणजे काय, तर एकसारखेपणाची टर उडवणारं गाणं ऐकून आपण सगळे एकसारखेच वागतो. 'खोकं वाईट, वेगळेपण चांगलं' हे उत्तर आपल्याकडे तयार असतं. मी तेच केलं, भाच्यानेही तेच केलं.

मग गाणं नीट वाचायचं म्हणजे काय? मी आधी लिहिणारीकडे बघितलं. माल्विना रेनॉल्ड्सने हे गाणं 1962 साली लिहिलं, तेव्हा ती साठी ओलांडलेली होती. मला ती कुणी तरुण हिप्पी वाटली होती! पहिल्या महायुद्धात आईवडिलांनी युद्धाला विरोध केला म्हणून शाळेने तिला डिप्लोमाच दिला नाही. त्याशिवाय ती बर्कलीला गेली आणि थेट डॉक्टरेट घेऊन बाहेर पडली. विद्यापीठ सगळ्यांना खोक्यात भरतं असं म्हणणारी बाई विद्यापीठाच्या शेवटच्या पायरीपर्यंत जाऊन आलेली होती.

ती सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या डेली सिटीवरून गाडीने चालली होती. टेकडीवरची घरं दिसली, तिने गाडी नवऱ्याच्या हातात दिली आणि गाणं लिहायला घेतलं. इथे मला खटका बसला. ती गाडीत होती. तिने घरं रस्त्यावरून बघितली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या त्या वसाहतीत अनेक कुटुंबांचं ते आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर होतं. रस्त्यावरून खोकं दिसतं, आतून छप्पर दिसतं. पीट सीगरने 1963 साली गायलं तेव्हा गाणं गाजलं, आणि ऐकणाऱ्यांत कॉलेजची पोरं पुष्कळ होती. म्हणजे घराची काळजी नसलेली मंडळी. माझ्यासारखी.

मग गाणं खोटं का? नाही. तसं म्हणणं हे दुसरं रेडिमेड उत्तर झालं.

आत्यालाही त्या घराबद्दल तक्रार होती, पण ती वेगळी. "इथं हाक ऐकू जात नाही," ती म्हणायची. जुन्या गावात घराला घर लागून होतं. नव्यात रुंद रस्ते, मधे मोकळी जागा. शेजारीण एका हाकेवरून शंभर पावलांवर गेली. जुन्या गावाचं फार कौतुकही नको. तिथे कोणाचं घर कुठल्या अंगाला हे जातीने ठरलेलं असायचं. पण हरवलं ते घराचं वेगळेपण नव्हतं, ती हाक होती. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीतून हे दिसत नाही.

आणि आत्याने काय केलं? दोन वर्षांत पुढे पत्र्याची पडवी काढली. मागे चूल मांडली. दारात तुळस आली. आज तिच्या गल्लीत एकही घर दुसऱ्यासारखं दिसत नाही. खोक्याला तिने भोक पाडलं आणि एक खोली जोडली.

आता दुसरं खोकं. लातूर पॅटर्न.

1980च्या दशकाच्या शेवटापासून लातूरच्या राजर्षी शाहू कॉलेजचं आणि पाठोपाठ गावातल्या इतर कॉलेजांचं नाव बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांत झळकायला लागलं. यात जादू काही नव्हती. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग चाचण्या, पेपर तपासून चुका दाखवायच्या, परत चाचण्या. सुट्टीतही वर्ग. पुणे-मुंबईच्या मुलाकडे जे घरातून येतं ते इथे पद्धतीने द्यायचं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला हे छप्परच होतं. मी त्याच छपराखालून पुण्याला आलो, मला नावं ठेवायचा हक्क नाही. त्याच शाहू कॉलेजचे संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या काळ्या लेखकांचं साहित्य मराठीत ओळखीचं केलं होतं. साच्यात न बसणाऱ्या माणसांबद्दल लिहिणारा माणूस तिथे होता, ही गोष्ट मात्र आम्हाला दोन वर्षांत कुणी सांगितली नाही. परीक्षेत येत नव्हती ना!

आणि कुरुंदकर? ते इंटरच्या परीक्षेत एकापेक्षा जास्त वेळा नापास झाले होते. नापास माणूस शाळेत शिकवत राहिला, वाचत राहिला आणि पुढे प्राचार्य झाला. नांदेडने त्यांना तेवढी जागा दिली. नांदेड-लातूर अंतर दीडशे किलोमीटरच्या आत आहे, पण आमच्या खोलीत हे नाव कुणी काढलं नाही.

आमच्या खोलीत तिघं होतो. त्यातला एक कविता करायचा. वहीच्या मागच्या पानांवर. चाचणीत मार्क पडायला लागले तसा गप्प होत गेला. एका रविवारी वडील आले, ट्रंक उचलली, गेला. आम्ही त्याची कॉट भिंतीला लावून जागा मोकळी केली आणि सोमवारच्या फिजिक्सच्या पेपरला बसलो. त्याला का जातोस असं मी विचारलं नाही. आज त्याच्या गावाचं नाव आठवतं, कवितेतली एक ओळ आठवत नाही. आत्याची हाक आणि ही हाक, मला वाटतं, एकच.

माझ्यापुरता गाण्याचा अर्थ इतकाच लागलाय. घर सारखं आहे का, कॉलेज सारखं आहे का, हा प्रश्न रस्त्यावरचा आहे. आत राहणाऱ्याने विचारायचे प्रश्न दोन : ह्याला पडवी काढता येते का? आणि शेजारच्याची हाक ऐकू येते का? किल्लारीच्या घरांना पहिली गोष्ट जमली, दुसरी अर्धीच. आमच्या पॅटर्नला दोन्ही जमल्या नाहीत, निदान माझ्या खोलीत तरी नाही.

रात्री भाच्याला फोन केला. हे सगळं भाषण डोक्यात तयार होतं. तो आधीच म्हणाला, "मामा, तू त्याच डब्यात बसून पुण्याला गेलास की. आता मला समजावायला सांगितलं असंल आईनं."

म्हटलं, "सांगितलंय. ते राहू दे. गाणी कुठली कुठली ऐकतोस ते सांग."

पस्तीस मिनिटं बोलला. मार्कांचा विषय निघाला नाही. ताईला काय सांगायचं ते अजून ठरवतोय.